आत्ता वाचणारे : एक

लेखकाला वाचक हवा असतो, ही लेखकांनीच उठवलेली आवई आहे. वाचक म्हणजे पुस्तक उसनं नेऊन परत न करणारा आणि लग्नाच्या पंगतीत गाठून ‘हल्ली काही लिहिता की सोडलंत?’ असं मोठ्यानं विचारणारा इसम. त्याची कोणाला हौस? लेखकाला हवा असतो वाचल्याचा पुरावा. आपण लिहिलेलं अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक माणसानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं, असा पंचनामा कोणी करून दिला तर लेखक मानधनावर पाणी सोडेल. मानधन तसंही बुडालेलंच असतं.

छापील जगात असा पंचनामा होत नसे. दिवाळी अंकात कथा आली की पोस्टकार्डाची वाट पाहायची. कार्ड यायचं. ‘आपली कथा वाचली, आवडली. माझाही कवितासंग्रह तयार आहे, प्रस्तावना द्यावी,’ एवढाच मजकूर. कथा वाचली होती की कथेखालचा पत्ता वाचला होता, याचा उलगडा व्हायचा नाही. त्यामुळे आपल्याला महाराष्ट्रभर वाचक आहेत या समजात लेखक सुखानं जगत आणि समज शाबूत असतानाच जगाचा निरोप घेत.

माझं हे सुख गेलं. मी ब्राउझरमध्ये खेळायची गोष्ट लिहिली आणि तिला वाचक मोजायचं यंत्र बसवून घेतलं.

खेळायची गोष्ट म्हणजे जिच्यात पुढे काय करायचं ते वाचक ठरवतो. अशा गोष्टी रचायला ट्वाइन नावाचं फुकट साधन आहे. ख्रिस क्लिमस यांनी ते २००९ मध्ये आणलं. पडद्यावर चौकोन मांडायचे, एकेका चौकोनात एकेक प्रसंग लिहायचा आणि चौकोन बाणांनी जोडायचे. जाणकार या चौकोनांना पॅसेज म्हणतात. सगळं झालं की एकच फाइल तयार होते, ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. माझ्या गोष्टीत कोकणातला वाडा होता, अमावास्या होती, पणजोबांचा गहाळ झालेला दस्तऐवज होता आणि विहीर होती. पहिल्याच पानावर वाचकापुढे तीन वाटा ठेवल्या होत्या : ‘विहिरीत डोकावा’, ‘माळ्यावर चढा’ आणि ‘आधी चहा घ्या’. तिसरी वाट गंमत म्हणून होती. गोष्टीला शेवट पाच. एकात दस्तऐवज मिळतो, एकात पणजोबा मिळतात, बाकीचे सांगत नाही.

लिंक सगळ्यांना पाठवली. कौतुकाचा पाऊस पडला. शाळेच्या ग्रुपवर टाळ्या, सोसायटीच्या ग्रुपवर फुलं, नातेवाइकांकडून वर केलेले अंगठे. गोष्टीतला सगळ्यांत आखूड रस्ता चालायलाही पाव तास लागतो. अंगठे मात्र लिंक पोचायच्या आत वर झाले होते. एका जिवलग मित्राचा तर फोनच आला.

“काय लिहिलंयस! शेवटी डोळ्यांत पाणी आलं रे.”

“कुठल्या शेवटी?”

“म्हणजे?”

“शेवट पाच आहेत.”

पलीकडे जरा शांतता. मग ठाम आवाजात उत्तर आलं, “तोच रे. शेवटचा.”

भाची पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मामा, एवढा जीव टांगणीला लावण्यापेक्षा ट्रॅकिंग लाव ना. कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं, सगळं कळेल.”

“कोणी शेवटपर्यंत वाचलं, तेही?”

“ते जरा अवघड आहे. तुझी सगळी गोष्ट एकाच फाइलमध्ये आहे. मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी ते एकच पान. माणूस आला, एवढं त्याला दिसतं. आत जाऊन तो विहिरीत पडला की माळ्यावर चढला, ते नाही दिसत. आपल्याला प्रत्येक पॅसेजला यंत्राकडे चुगली करायला लावावी लागेल.”

चुगली हा शब्द ऐकून माझा उत्साह दुणावला. पण त्यातही मेख निघाली. ट्वाइनमध्ये गोष्टीची रचना ठरवणारे वेगवेगळे साचे असतात. माझी गोष्ट हार्लो नावाच्या साच्यात होती. शुगरक्यूब नावाचा दुसरा साचा पान उलटलं की प्रत्येक वेळी तशी वर्दी देतो, त्या वर्दीला मोजणी अडकवणं सोपं जातं. म्हणून गोष्ट हार्लोतून उचलून शुगरक्यूबमध्ये न्यायची ठरली. म्हणजे काय, तर आज्ञांभोवतीचे गोल कंस काढून तिथे दुहेरी कोनी कंस घालायचे. दोन आठवडे मी कंस उकरत आणि पेरत बसलो होतो. बायको मागून डोकावली.

“नवीन काही लिहिताय?”

“नाही. जुनं मोजायची तयारी चालू आहे.”

“मग अजून कोणी वाचलेलंच नाही का?” असं विचारून ती कुकरची शिट्टी ऐकायला निघून गेली.

आता खरं सांगायचं तर या उद्योगात मुळातच एक गोम आहे. खेळायच्या गोष्टीचा सगळा डौल वाचकाला दिलेल्या स्वातंत्र्यात असतो. तुम्हीच ठरवा, वाट तुमची, नशीब तुमचं. पाहुण्यांना ‘संकोच करू नका, हवं ते घ्या’ म्हणायचं आणि पडद्याआडून कोणी किती लाडू उचलले ते वहीत मांडायचं, त्यातला हा प्रकार. पण आतिथ्याची खरी मजा पडद्याआडच असते, हे ज्यांनी घरचं कार्य केलंय त्यांना ठाऊक आहे.

या कलेच्या मूळपुरुषांना असली भूक नव्हती. विल क्राउदर हा अमेरिकेतला संगणकतज्ज्ञ गुहांमध्ये हिंडायचा शौकीन. केंटकीतल्या मॅमथ गुहेवरून त्यानं १९७५-७६ च्या सुमारास ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा शब्दांचा खेळ लिहिला, तो मुख्यतः आपल्या दोन मुलींसाठी. वाचकसंख्या दोन. मोजणीचा खर्च शून्य. पुढे स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सला हा खेळ एका संगणकावर सापडला. त्याला त्यात भर घालायची होती, पण कर्त्याचं ‘क्राउदर’ एवढं नावच काय ते ठाऊक. तेव्हाच्या जाळ्यावर संगणक मोजके होते. या पठ्ठ्यानं त्यांतल्या प्रत्येकावर ‘क्राउदर’ या नावानं पत्र धाडलं. लेखक सापडला, परवानगी मिळाली आणि १९७७ मध्ये वाढवलेला खेळ जगभर पसरला. म्हणजे सुरुवातीला वाचक लेखकाला दारोदार शोधत होता. आता लेखक वाचकाला शोधतो, आणि वाचक दार लावून घेतो.

१९८० च्या दशकात इन्फोकॉम ही कंपनी असेच शब्दांचे खेळ विकायची. वाचक त्यांत हटकून अडकत. त्यांच्यासाठी कंपनी अदृश्य शाईत छापलेल्या सूचनांच्या पुस्तिका काढायची. सोबतच्या पेनानं कागद घासला की सूचना उमटायची. खेळ विकत घ्यायला पैसे आणि सुटायलाही पैसे. वाचक कुठे अडतो याचा शोध इतका किफायतशीर पुन्हा कधी झाला नसेल.

असो. यंत्र बसलं. भाचीनं एका फळ्याचा पत्ता दिला. फळ्यावर तक्ते, वर्तुळं, जगाचा नकाशा आणि मधोमध ठळक अक्षरांत : ‘आत्ता वाचणारे : एक’.

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. जगाच्या पाठीवर कुठेतरी, याच क्षणी, कोणीतरी माझा वाडा पाहत होतं. मी श्वास रोखून बघत राहिलो. तो वाचक पहिल्या पानावरून हलेना. पहिल्या परिच्छेदातल्या अमावास्येच्या वर्णनात तो बुडाला असावा. मी भाचीला फोन लावला.

“मामा, तुझ्याकडे गोष्ट दुसऱ्या खिडकीत उघडी आहे का?”

होती.

“मग तो तूच आहेस.”

पुढे तिनं माझ्या संगणकाला मोजणीतून वगळलं. फळ्यावरचा आकडा शून्यावर आला. मला वगळल्याबरोबर माझा वाचकवर्ग निम्मा झाला असं मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, “निम्मा नाही मामा.”

दुसऱ्या दिवशी नकाशावर अमेरिकेत ठिपके दिसले. गाव अ‍ॅशबर्न, राज्य व्हर्जिनिया. एक नाही, दोन नाही, रोज नवे. मी नकाशा मोठा करून पाहिला. वॉशिंग्टनजवळच आहे. तिकडे मराठी माणसं पुष्कळ. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला नाटकं जातात, गायक जातात, मग खेळायची गोष्ट का जाऊ नये? मी बायकोला म्हटलं, “पासपोर्टची मुदत बघून ठेव.” अ‍ॅशबर्नकर मंडळींसाठी छोटंसं मनोगतही लिहिलं. त्यात ‘सातासमुद्रापार जपलेली मायबोली’ हे शब्द आले होते.

“मामा,” भाची म्हणाली, “अ‍ॅशबर्नला डेटा सेंटर आहेत. जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक. ती माणसं नाहीत, यंत्रं आहेत. जाळ्यावरची पानं चाळत हिंडतात.”

“पण वाचतात ना?”

“पहिलं पान उघडतात आणि क्षणात जातात.”

म्हणजे आमच्या नातेवाइकांपेक्षा वेगळं काही करत नव्हती. मनोगत मी फाडलं नाही. यंत्रांचंही एखादं मंडळ निघेल कधीतरी.

अ‍ॅशबर्नहून नजर कुडाळकडे वळवली. मोठा मेव्हणा तिथला. त्यानं ‘रात्री जागून वाचली’ असं कळवलं होतं. नकाशावर कुडाळात काळं कुत्रं नव्हतं. मी बायकोला तक्ता दाखवला. तिनं तिथल्या तिथे माहेरी फोन लावून स्पीकरवर टाकला. तासाभराची खडाजंगी झाल्यावर भाचीकडून खुलासा आला की मोबाइलवरून आलेला माणूस खुशाल मुंबईत दिसतो; फोनचं नेटवर्क जिथून बाहेरच्या जाळ्याला जोडलेलं असतं ते शहर यंत्र धरतं. फळ्यावरच्या मुंबईत अख्खा कोकण दाटीवाटीनं राहत होता. खऱ्या मुंबईतही तसंच आहे म्हणा. पण मेव्हणा निर्दोष ठरला नाही आणि दोषीही ठरला नाही. बायको मात्र चार दिवस माझ्याशी खेळायच्या गोष्टीतल्या पात्राप्रमाणे ठरावीक तीनच वाक्यं बोलत होती.

गावावरून माणूस ओळखता येत नाही तर लिंकवरून ओळखू, असं मी ठरवलं. लिंकच्या मागे शेपटी लावता येते. तिच्यात कुठून आलात याची खूण असते. अर्चिन नावाची मोजणीवाली कंपनी गूगलनं २००५ मध्ये विकत घेतली, त्या अर्चिनचं आद्याक्षर या शेपटीत अजून वळवळतं. मी ‘शाळा’, ‘सोसायटी’ आणि ‘सासर’ अशा तीन शेपट्या तयार करून त्या त्या ग्रुपवर सोडल्या. आठवड्यानं तक्ता उघडला तर ‘सासर’ सगळ्यांच्या पुढे! शाळा दुसरी, सोसायटी तळाला. मी गहिवरलो. धाकट्या मेव्हण्याला फोन केला.

“तुमच्यासारखे वाचक घरातच असताना मी उगाच बाहेर शोधत होतो.”

“अहो भावोजी, त्यात काय एवढं! चांगलं लिहिलेलं आपण सोडत नाही.”

“माळ्यावरचा प्रसंग कसा वाटला?”

“माळा तर... माळाच आहे. तोड नाही.”

महिन्यानं कळलं की सासरच्या ग्रुपवरची लिंक कोणीही न उघडता सासूबाईंच्या भिशीच्या ग्रुपवर ढकलली गेली होती, तिथून नाशिकच्या भजनी मंडळात आणि तिथून कुठे कुठे. शेपटी सासरची, माणसं गावची. मेव्हण्यानं माझे आभार मात्र जपून ठेवले. घरात काही झालं की तो आता ‘भावोजींचं लेखन आम्ही फार बारकाईनं वाचतो’ असं सांगतो.

एवढ्यात भाचीला कायदा आठवला.

“मामा, परवानगी घ्यावी लागेल. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर आहे. आपल्याकडेही वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. तू गोष्टीच्या सुरुवातीला वाचकाचं नाव विचारतोस ना? ते साठवत तर नाहीस?”

साठवत होतो. त्यातच तर गंमत होती. वाचक आपलं नाव टाकेल आणि मला आयता कळेल, असा माझा बेत. प्रत्यक्षात लोकांनी ‘कखग’, ‘भूत’, ‘नाव कशाला’ आणि ‘शिवाजी चौक’ अशी नावं टाकली होती. एकानं माझंच नाव टाकलं होतं. तो कोण हे मला अजून कळलेलं नाही.

“दंड किती असतो गं?”

“मोठ्यात मोठा २५० कोटी रुपयांपर्यंत.”

बायकोनं वाटाणे सोलता सोलता मान वर केली. “या गोष्टीपायी? आणि मिळकत किती म्हणालात?”

नावं साठवणं तत्काळ बंद झालं. पडद्याच्या तळाशी परवानगीची पाटी आली : ‘ही गोष्ट कुकीज वापरते. स्वीकारता का? हो / नाही’. आता या पाटीचा आणि गोष्टीचा संबंध नाही हे तुम्हाला-मला कळतं. पण जिथे प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिल्यावर काहीतरी घडतं, तिथे वाचक पाटीलाही कोडं समजणारच. ठाण्याच्या मावशीचा फोन आला.

“अरे, मी हो म्हटलं, पण कुकी पिशवीत दिसत नाही.”

माझ्या गोष्टीत वाचकाजवळ एक पिशवी असते, तिच्यात कंदील, किल्ली वगैरे जमा होतं.

“मावशी, ती कुकी खायची नसते.”

“ते कळतंय रे. कुत्र्याला घालायची असणार. वाड्यामागे कुत्रं भुंकतंय ना?”

कुत्र्याला काही घालता येतं हे मला सुचलंच नव्हतं. मावशी पुढे म्हणाली, “काकांनी नाही दाबलं. ते म्हणाले, अनोळखी वाड्यात काही खाऊ नये.” बहुतेक वाचक काकांच्या मताचे निघाले. ‘नाही’ दाबणाऱ्यांना मोजायचं नसतं. त्यामुळे मोजायची परवानगी मागितल्यापासून मोजण्याजोगं फारसं उरलं नाही. ‘हो’ म्हणणाऱ्यांतल्याही काहींच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारी साधनं होती, ती मोजणीलाही उंबऱ्यावरच अडवतात.

जे उरले त्यांच्या वाटा तरी पाहू म्हटलं, तर पॅसेजच्या नावांच्या जागी टक्केच टक्के. मी चौकोनांना मराठी नावं दिली होती आणि भाचीनं ती पत्त्याला जोडली होती. पत्त्यात देवनागरी तशीच्या तशी चालत नाही. ‘विहीर’ या शब्दात संगणकाच्या हिशेबानं पाच चिन्हं. एकेकाचे तीन बाइट, एकेका बाइटला पत्त्यात तीन अक्षरं, म्हणजे विहीर खोदत खोदत ४५ अक्षरं खोल गेली. ‘टक्का ई शून्य टक्का ए चार टक्का बी पाच’ एवढा मंत्र म्हटला तेव्हा कुठे ‘व’ झाला. बायकोनं पडद्यावरचे टक्के पाहिले आणि घाबरून विचारलं, “कर्ज काढलंत का?”

भाचीनं टक्के उलगडून दिले आणि शेवटी तो क्षण आला. वाचक कुठल्या वाटेनं जातात, हे मला दिसलं.

विहिरीत डोकावणारे तिघे. माळ्यावर चढणारे पाच-सहा. बाकी झाडून सगळ्यांनी चहा घेतला होता.

अमावास्येची रात्र, पडका वाडा, विहिरीतून कोणीतरी हाक मारतंय, आणि मराठी वाचक म्हणतो, आधी चहा. बरं, चहा घेऊन तरी पुढे निघावं? नाही. चहाच्या पॅसेजनंतर तक्त्यातली रेघ कडेलोट झाल्यागत खाली येत होती. लोक ओसरीवर बसत, चहा घेत आणि तिथूनच परत जात. मी यावर पुष्कळ चिंतन केलं. वाचनसंस्कृती, रील्स, पालकांची जबाबदारी, असं सगळं. मग चहाचा प्रसंग सुधारायला घेतला. चहात आलं घातलं. कप फुटका केला, म्हणजे घाई वाटेल. ओसरीवर पावलांचा आवाज घातला. लोक आवाज ऐकत, चहा संपवत आणि जात.

“दोन आवृत्त्या करून बघ,” भाची म्हणाली. “अर्ध्या लोकांना एक, अर्ध्यांना दुसरी. कुठली चालते ते कळतं. कंपन्या असंच करतात.”

मी अर्ध्यांना आल्याचा चहा दिला आणि अर्ध्यांना गवती चहा. गवती चहानं बाजी मारली. दोन मतांनी. त्या दोन मतांच्या जोरावर मी परसात गवती चहाचं बेट लावलं, पणजोबांना चहाचा व्यापारी केलं, दस्तऐवजाच्या जागी पितळी डब्यात जपलेली चहाची कृती आणली. विहिरीला पाणी उरलं ते फक्त आधणापुरतं. गोष्ट भयकथा म्हणून सुरू झाली होती. आता ती वाचून कोणी घाबरलंच असतं तर फक्त पित्तानं.

तेवढ्यात एक पत्र आलं. गोष्टीच्या तळाशी माझा ई-मेल दिला होता, त्यावर. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाई. सोबत त्यांनी हातानं काढलेल्या नकाशाचा फोटो होता : सगळे प्रसंग चौकोनात, सगळ्या वाटा बाणांनी, वळणावळणावर लाल शाईत शेरे. मी ट्वाइनमध्ये मांडला होता त्याहून तो नीटनेटका होता. मजकूर असा : ‘गोष्ट सर्व बाजूंनी तपासली. मला शेवट सहा सापडले. त्यांत ओसरीवर चहा घेत बसण्याचा शेवट सर्वोत्तम. हाका ऐकू येतात, पावलं वाजतात, पण माणूस उठत नाही. बाकीचे पाच ओढूनताणून आणलेले वाटतात.’

मी नकाशा घेऊन भाचीसमोर बसलो. शेवट पाच असताना सहावा आला कुठून? तिनं आपल्या मोबाइलवर गोष्ट उघडली, चहाचा पॅसेज काढला आणि कपाळावर हात मारला. परवानगीचं उत्तर दिल्यावर पाटी जायची. पण ‘पसंती बदलायची असल्यास इथे दाबा’ अशी एक पट्टी पडद्याच्या तळाला चिकटून राहायची. हो म्हणा, नाही म्हणा, पट्टी असतेच. चहाचा प्रसंग मुळातच एवढा लांब होता, आणि मी तो सुधारून सुधारून आणखी लांबवला होता, की ‘कंदील घेऊन पुढे चला’ ही ओळ छोट्या पडद्यावर नेमकी त्या पट्टीखाली जात होती. लोक कंटाळून जात नव्हते. मोजणीच त्यांच्या वाटेत आडवी पडली होती.

“आणि या बाई तक्त्यात कुठल्या?” मी विचारलं.

भाचीनं शोधलं. त्या वाराला, त्या वेळेला, कोणीच नाही. बाईंनी ‘नाही’ दाबलं होतं. माझी गोष्ट टोकापासून टोकापर्यंत तपासणारा एकमेव माणूस यंत्राच्या लेखी जन्मालाच आला नव्हता. उलट, त्याच दिवशी तक्त्यात सर्वाधिक वेळ थांबलेला म्हणून ज्याची नोंद होती, तो शाळेतला मित्र ऑफिसच्या संगणकावर गोष्ट उघडी टाकून जेवायला गेला होता, हे त्यानं स्वतःच अभिमानानं सांगितलं.

पट्टी हलवली. लोक चहा संपवून कंदील घेऊन पुढे जाऊ लागले. तक्त्यातली रेघ सुधारली, भाचीनं पाठ थोपटली आणि तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून दुसरं पत्र आलं. ‘ओसरीवरचा शेवट काढून टाकलात, हे कोणाच्या सल्ल्यानं?’

आता काय सांगणार? गूगलच्या हिशेबात १० सेकंदांहून अधिक थांबलेला माणूस गुंतलेला धरतात. बाई नकाशा काढायला किती वेळ बसल्या असतील, देव जाणे. मी मुकाट्यानं ट्वाइन उघडलं, ओसरीचा एक वेगळा चौकोन केला, त्यातून बाहेर जाणारा एकही बाण काढला नाही आणि शेवटांची संख्या रीतसर सहा केली. भाची म्हणाली, “यालाही मोजणी लावू का?” मी म्हटलं, “लाव. पण मला तक्ता नको पाठवू, बाईंना पाठव. लाल शाई त्यांच्याकडे आहे.”

त्यांचं उत्तर परवा आलं. ‘तक्ता मिळाला. टक्केवारीची बेरीज १०१ होते, ती दुरुस्त करावी. शेवट पूर्ववत केलात, हे उचित. आता शुद्धलेखनाकडे वळू. पहिल्या पानापासून यादी जोडली आहे. सवडीनं नव्हे, लगेच पाहावी.’